नानांची सतार आणि मिरजेचे शिकलगार

आमच्या घरात एक सतार आहे. नानांची, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांची. ते गेल्यापासून ती कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. भिंगारला पाहुणे आले की कुणीतरी ती खाली उतरवायचे, चादर बाजूला करायचे, "मिरजेची आहे, अस्सल आहे" असे म्हणायचे आणि परत वर ठेवायचे. वाजवायचे कुणी नाही. मागच्या वर्षी बारा वर्षांच्या भाचीने ती शिकायची म्हणून हट्ट धरला आणि घरात दोन तट पडले.

एक तट धर्माचा होता. मामूंचे म्हणणे, हे शौक आपल्यासाठी नाहीत. त्यावर मी फार बोललो नाही, कारण हा वाद आपल्याकडे आठशे वर्षे चालू आहे आणि तो माझ्या ओट्यावर मिटणार नव्हता. दुसरा तट मात्र मला अनपेक्षित होता. भाची सतार घेऊन बसली तेव्हा भोपळा तिच्या कुशीत मावेना, उजवा हात भोपळ्यावर टाकला की बोटे तारांपर्यंत पोचेनात, वरचा दुसरा भोपळा खांद्यामागे धक्के देई आणि दांडीच्या वरच्या टोकाचे पडदे डाव्या हाताला लांब पडत. मी म्हणालो, मिरजेला नेऊन थोडी फेरफार करून घेऊ. तर जे लोक वाजवण्याच्या बाजूचे होते तेच उसळले. "नानांची वस्तू आहे, तिला हात लावायचा नाही. जशी आहे तशीच राहिली पाहिजे."

जशी आहे तशी, म्हणजे कशी? हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

वाद्याला माणसाप्रमाणे नाव देण्याची रीत आपल्या दख्खनमध्ये जुनी आहे. विजापूरचा इब्राहिम आदिलशाह दुसरा, 'किताब-ए-नौरस' हा दख्खनी भाषेतला गीतसंग्रह लिहिणारा बादशाह, आपल्या तंबुराला 'मोतीखान' म्हणायचा. हा इब्राहिम 1580 मध्ये नऊ वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्याच्या वतीने काही वर्षे कारभार पाहिला तो त्याच्या चाचीने, चाँदबीबीने. नगरच्या हुसेन निजामशाहची ही लेक. पुढे 1595-96 मध्ये मोगलांशी ती ज्या भुईकोट किल्ल्यावरून लढली, तो भिंगारमधून चालत जाण्याइतका जवळ आहे. चाँदबीबी सतार वाजवायची, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. मी वर्गात मुलांना सांगतो, ती संगीताची जाणकार असेल, पण आज आपण जिला सतार म्हणतो ती तिने पाहिलेलीच नाही. हे वाद्य दिल्लीत अठराव्या शतकात आकाराला आले. अमीर खुसरोंनी ते शोधले ही तर त्याहून जुनी दंतकथा. तीन-चार तारांचे, लहान भोपळ्याचे, तरफा नसलेले एक वाद्य दिल्लीहून निघाले आणि प्रत्येक पिढीने, प्रत्येक शहराने त्यात काहीतरी घातले किंवा काढले. तरफेच्या तारा नंतर आल्या. भोपळा मोठा झाला, दांडी रुंद झाली, पडदे कमानदार झाले, खर्जाच्या तारा आल्या, काही घराण्यांनी पुन्हा काढून टाकल्या.

मिरजेची गोष्ट यातूनच सुरू होते, आणि ती तलवारीपासून सुरू होते.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाते घासूनपुसून चमकवणारे, मुठी आणि म्याने दुरुस्त करणारे. मिरजेचा किल्ला आदिलशाहीत, मोगलाईत आणि पटवर्धनांच्या काळात महत्त्वाचा, म्हणून तिथे शिकलगारांची वस्ती. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, सरदारांच्या फौजा मोडल्या आणि तलवारीला धार लावायला येणारी गिऱ्हाइके घटली. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने तर परवान्याशिवाय हत्यार बाळगणेच बंद झाले. याच उलथापालथीची दुसरी बाजू आम्ही भिंगारकर रोज बघतो. 1817 मध्ये नगर इंग्रजांच्या हाती गेले, किल्ल्याशेजारी छावणी वाढली आणि भिंगार हे लष्कराचे गाव झाले. आजही आमच्याकडे पर्यटक येतात ते रणगाड्यांचे संग्रहालय बघायला. एकाच राजवटीने भिंगारमध्ये शस्त्रे आणली आणि मिरजेतल्या शस्त्रांच्या कारागिरांचा धंदा बसवला.

मिरजेत सांगतात ते असे: 1850 च्या सुमाराला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरच्यांनी तंबोऱ्याच्या दुरुस्तीत हात घातला. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, गवई येत-जात, आणि एखाद्याचा तंबोरा फुटला की तो उत्तरेकडे पाठवावा लागे. हत्यार दुरुस्त करणारे हात बारीक कामाचे, लाकूड आणि धातू दोन्ही जाणणारे. एक तंबोरा उघडून बघितला, बसवला, मग दुसरा स्वतः घडवला. त्या घराण्यांची आडनावे पुढे 'सतारमेकर' झाली आणि गल्लीलाही तेच नाव पडले.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. मिरजेची विद्या दुरुस्तीतून जन्मली. म्हणजे दुसऱ्याने, दुसऱ्या देशी, दुसऱ्या माणसासाठी केलेले वाद्य आपल्यासमोर बसलेल्या गवयाला जमेल असे करून देणे, हेच तिथले पहिले काम. नवे वाद्य घडवणे ही त्यानंतरची पायरी.

काळही त्यांना अनुकूल होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. त्यांच्याकडे शिकून विष्णु दिगंबर पलुसकर 1896 मध्ये बाहेर पडले आणि 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. नंतर किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. खाँसाहेब गायक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण ते बीनही वाजवत आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करत. जवारीच्या बाबतीत तर ते फार काटेकोर. त्यांच्यासारखा माणूस गल्लीत राहायला आला म्हणजे कारागिरांना रोजची परीक्षा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते, त्यांनीही स्वर मोजण्यासाठी खाँसाहेबांचाच गळा निवडला. 1937 मध्ये प्रवासात असताना मद्रासजवळच्या एका स्टेशनवर खाँसाहेबांचा इंतकाल झाला. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथे उरुसात आजही गायक-वादक हजेरी लावतात.

तर मी ती सतार घेऊन मिरजेला गेलो. नगरहून महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ मिरजेला जाते. रात्रभर सतार मांडीवर, कारण वरच्या फळीवर ठेवायची हिंमत झाली नाही. दुकानातले म्हातारे कारागीर, सगळे त्यांना चाचा म्हणत होते, त्यांनी आधी चादर काढली, मग सतार आडवी धरून दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिले. दांडी वाकली आहे का ते बघण्याची ही रीत. मग बोटाने भोपळा ठोकला, आतून आवाज कसा येतो ते ऐकले. "भोपळा पंढरपूरकडचा आहे," ते म्हणाले. मिरजेचे भोपळे भीमेच्या काठावरून येतात, पंढरपूर, बेगमपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने. हा भाजीचा भोपळा नव्हे. कडू असतो, जाड सालीचा, वेलीवरच पिकू द्यायचा, वाळवायचा आणि मग वर्षानुवर्षे साठवून ठेवायचा. दांडी आणि तबली तूनच्या लाकडाची.

मी नम्रपणे म्हणालो, "चाचा, अस्सल आहे, तिचे मूळ रूप बिघडू नये."

ते हसले आणि दिवा जवळ ओढून मला दाखवू लागले. दांडीच्या बाजूला लाकडाच्या छोट्या गुल्ल्या मारून बुजवलेली दोन भोके होती. तिथे पूर्वी खुंट्या होत्या, म्हणजे कुणीतरी तारांची मांडणी बदलली होती. तरफांच्या खुंट्यांची भोके मात्र दांडीच्या बाकीच्या कामापेक्षा नवी दिसत होती. त्यांच्या कडेचे लाकूड उजळ, घासणी वेगळी. ही सतार आधी बिनतरफेची असावी आणि तरफा मागून बसवल्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज. दांडीच्या पाठीवर पडद्यांच्या दोऱ्यांचे फिकट पट्टे होते आणि ते आजच्या पडद्यांच्या जागी नव्हते. म्हणजे पडदे सरकवून, वाढवून पुन्हा बांधले होते. तबलीवर घोडीच्या खाली एक ठिगळ होते. आणि वरचा भोपळा? तो ज्या मळसूत्रावर फिरवून बसतो, ते मळसूत्रच दांडीत नंतर ठोकलेले होते. शोभेसाठी. मैफलीत दोन भोपळ्यांची सतार भारदस्त दिसते.

तीन पिढ्यांचे, निदान तीन हातांचे काम त्या एका दांडीवर होते. मी इतिहासाची पुस्तके वाचतो, शाळेत शिकवतो, पण एखादे कागदपत्र इतक्या सहज वाचणारा माणूस कमी पाहिला आहे. आणि घरी ज्याला आम्ही मूळ रूप समजत होतो ते नानांच्या सोयीचे रूप होते. त्यांच्या आधीच्या माणसाच्या सोयीचे वेगळे होते.

मोठ्या वादकांच्याही बाबतीत हेच झाले. धारवाडचे सिताररत्न रहिमत खाँ यांनी सतारीच्या तारांची मांडणी बदलली. विलायत खाँ साहेबांनी गायकीप्रमाणे लांब मींड ओढता यावी म्हणून खर्जाच्या तारा काढल्या, वरचा भोपळा काढला, दांडी मजबूत करून घेतली आणि कलकत्त्याच्या कारागिरांना आपल्या हाताप्रमाणे वाद्य घडवायला लावले. रविशंकरांनी खर्ज राखला आणि नोदू मल्लिकांकडून वेगळी सतार करून घेतली. आज दुकानात गेलात तर "कोणत्या पद्धतीची?" असे विचारतात. दोन माणसांच्या दोन सोयी आता दोन परंपरा झाल्या आहेत.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. हवाई बेटांवर 1889 च्या सुमारास जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर पोलादाचा तुकडा सरकवला. तिच्यातून पुढे अमेरिकेत पेडल स्टील गिटार झाली. तिला चार पाय असतात, पायाने दाबायच्या पट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे असतात, आणि त्यांना जोडलेल्या सळ्यांनी तारा वाजता वाजता चढतात-उतरतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची अशी गिटार हाती आली की वादक पहिल्यांदा काय करतो, तर पायांची उंची आपल्या बैठकीला जुळवतो आणि दांडे आपल्या गुडघ्याच्या मापाला सरकवतो. बडी एमन्स हा त्या वाद्यातला मोठा वादक. कोणत्या पट्टीने कोणती तार ओढली जावी याची मांडणीच त्याने बदलून घेतली, शॉट जॅक्सनबरोबर शो-बड ही कंपनी काढली आणि मग स्वतःच्या नावाच्या गिटारी बनवल्या. जुन्या वाद्याचे संग्राहक अशा भोके पाडलेल्या गिटारीला कमी भाव देतात. वाजवणारे देत नाहीत. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी हीच आडवी गिटार घेतली, तिला चिकारीसारख्या तारा लावल्या आणि राग वाजवला. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते ती तीच. आयती मिळालेली गिटार त्यांनी तशीच वाजवली असती तर ती रागात बसली नसती.

चाचांनी मात्र सगळे मान्य केले नाही. माझी यादी लांब होती: दांडी मागून थोडी तासा, मुलीचा हात लहान आहे. भोपळा बदलून लहान लावा. या दोन्हींना त्यांनी साफ नकार दिला. दांडी तासली की ती तारांच्या ताणाखाली वाकते आणि तासलेले लाकूड परत येत नाही. भोपळा बदलला तर आवाज दुसराच होईल. "मुलगी चार वर्षांत वाढेल," ते म्हणाले, "सतार लहानच राहील." मला हा फरक महत्त्वाचा वाटला. जे उलटे फिरवता येते ते त्यांनी बेधडक केले आणि जे फिरवता येत नाही त्याला हात लावला नाही. जुने कारागीर सांधे सरसाने जोडत, तेही यासाठीच. सरस ऊब आणि ओल लागली की सुटतो, वाद्य उघडता येते, पुन्हा जोडता येते. आजचे डिंक एकदा बसले की लाकूड फुटेल पण सांधा सुटणार नाही. वेळ वाचवण्यासाठी आता पुष्कळ जण तेच वापरतात. पन्नास वर्षांनी ती वाद्ये दुरुस्त कोण आणि कशी करणार, हे मला कळत नाही.

त्यांनी केले ते असे. वरचा भोपळा फिरवून काढला. नुसत्या त्यानेच तोल बदलला आणि खांद्याचा धक्का गेला. बाजाची तार एक नंबर बारीक लावली, म्हणजे मींड ओढताना बोट कापणार नाही. पडद्यांचे दोरे कुजले होते, ते सगळे काढून नवे बांधले आणि पडदे थोडे सपाट करून घेतले. खुंट्या सैल होत्या, त्यांना खडू लावून भोकात बसवल्या. भोपळ्याखाली पायावरून घसरू नये म्हणून रबराचा तुकडा दिला. आणि मग अर्धा दिवस जवारी.

जवारी म्हणजे काय हे एकदा डोळ्यांनी बघावे. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण नसतो. त्याला अगदी मंद उतार असतो. तार थरथरते तेव्हा ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्यातून तो भुंग्यासारखा, भरलेला आवाज निघतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर निघायलाच नको, तिथे छेडली तरी तंबोऱ्यात आणि वीणेत तो निघतो, असे त्यांनी दाखवले, आणि त्याचे कारण या घोडीत आहे हे सांगितले. वाजवून वाजवून तारेखाली घोडीला चरे पडतात, आवाज बसतो, मग कानशीने घासून उतार पुन्हा द्यावा लागतो. किती घासायचे याचे माप नाही. दोन फेरे मारायचे, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची, परत एक फेरा. हाडाची पूड बोटांवर, कान तारेला. तलवारीच्या पात्याला धार देतानाही हात असाच चालत असणार. मी तसे म्हणालो तर चाचा म्हणाले, "धार लावायला जास्त घासले तर पाते पातळ होते, एवढेच. इथे जास्त घासले तर घोडी फेकायची."

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत त्याचा अभिमान आहे. पण 1979 मध्ये बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला आणि आता तर तो मोबाइलमध्येच फुकट वाजतो. रियाजासाठी खरा तंबोरा घेणारे कमी झाले. घराघरांत मुले दुसऱ्या कामाला लागली आहेत. तरीही दुकानाच्या भिंतीला नावांच्या चिठ्ठ्या लावलेली जुनी वाद्ये टेकून होती, कुणाची कोल्हापूरची, कुणाची हुबळीची, कुणाची पुण्याची. नव्यापेक्षा जुन्यांचीच रांग मोठी. दुपारी जोहरच्या अजानला कानशी खाली ठेवून सगळे उठले आणि परत येऊन त्याच जागी बसले. आमच्या मामूंना हे दृश्य दाखवावे असे मला फार वाटले. मुसलमान आणि संगीत यांचे जमत नाही असे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनाही. दोघांचा गैरसमज एकच आहे, फक्त बाजू उलट्या.

सतार घरी आली. वरचा भोपळा नानींनी आपल्याकडे ठेवून घेतला, कागदात गुंडाळून, मळसूत्राला तेल लावून. मुलगी मोठी झाल्यावर बसवायचा असेल तर बसवा, म्हणाल्या. भाची आता आठवड्यातून दोनदा नगरला शिकायला जाते आणि संध्याकाळी ओट्यामागच्या खोलीत बसते. सा-रे-ग-म-च्या पुढे अजून फारशी गेलेली नाही.

मामू त्या खोलीत येत नाहीत. परवा इशाची नमाज पढून आले, चपला काढता काढता दारात थांबले, आणि आत न बघताच म्हणाले, "तिला सांगा, दुसरी तार उतरली आहे."